वॉशिंग सेंटरवरची भरती
परभणीत वॉशिंग सेंटरवर काम मिळायला प्रमाणपत्र लागत नाही. ‘उद्यापासून ये’ एवढंच. सुरुवातीला हाती प्रेशरचा पाइप आणि चाकांना चिकटलेली काळी माती. ती आधी फेसाने भिजवून सोडवावी लागते. घाईने कोरडं फडकं मारलं की मातीतले कण रंगावर बारीक चरे पाडतात, अन् बोलणी नव्या पोराला. पॉलिश, कोटिंग नंतर, तेही उस्तादाच्या मर्जीने. शिकतानाच्या सरकारी पैशाचं म्हणाल, तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली बारावी पासला महिना ६,००० रुपये विद्यावेतन ठरलं, पण नोंदणीकृत आस्थापनांसाठी. पत्र्याच्या शेडमधलं पोरगं त्यात कुठं बसवायचं? मला विचाराल तर दसऱ्याच्या आधी जाऊन उभं राहावं. तेव्हा गाड्यांची रांग लागते, अन् मालकाला माणूस हवाच असतो.