डेटाबेसची आवृत्ती बदलायची, पण कोणाच्या वेळेत?

जुलै २०२४ मधली गोष्ट. सांगलीहून आईचा फोन आला. "अरे, बँकेचा मेसेज आलाय. शनिवारी पहाटेपासून दुपारपर्यंत बऱ्याच सेवा बंद म्हणे. पैसे सुरक्षित आहेत ना आपले?" मेसेज एचडीएफसी बँकेचा होता. १३ जुलैला, म्हणजे दुसऱ्या शनिवारी, पहाटे ३ ते दुपारी ४.३० या साडेतेरा तासांत बँक आपली मुख्य प्रणाली नव्या यंत्रणेवर नेणार होती. आईला म्हटलं, "काळजी करू नकोस. दुकान नव्या जागेत नेतायत, गल्ला तोच आहे."

आज तेच काम, अगदी छोट्या प्रमाणावर, माझ्या टेबलावर आहे. मी हुफूफमध्ये राहतो. अल-अहसाचं हे मरुद्यान २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि इथला खलास खजूर प्रसिद्ध आहे. आमची कंपनी खजूर निवडून, पॅक करून बाजारात पाठवते. माल, ऑर्डरी, कामगारांची हजेरी आणि पगार, सगळं क्लाऊडवरच्या एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहे, आणि तो अजून आवृत्ती १३ वर आहे.

पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. यापुढे सुरक्षेचं भोक सापडलं तर मूळ प्रकल्पाकडून ठिगळ येणार नाही. ॲमेझॉनसारखी क्लाऊड कंपनी जुन्या आवृत्तीला आणखी काही वर्षं सांभाळते, पण प्रोसेसरमागे तासाला वेगळा आकार घेते. म्हणजे "चाललंय ना, मग कशाला हात लावा?" या आपल्या आवडत्या वाक्यालाही आता भाडं पडतं.

मग करून टाकायला अडचण काय? अडचण कॅलेंडरची आहे. ऑगस्टपासून खजुराचा हंगाम, तेव्हा हात लावणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारीत रमजान, त्याआधी मागणी वाढते. महिनाअखेरीला पगार. राहता राहिले डिसेंबर-जानेवारीतले मोजके शुक्रवार. इथे २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, पण पुण्यातल्या आमच्या सहकाऱ्यांचा शुक्रवार कामाचा. म्हणून शुक्रवारी पहाटे ४ ला सुरुवात ठरवली. तेव्हा पुण्यात साडेसहा. त्यांना जरा लवकर उठावं लागेल, पण काही अडलं तर मदतीला पूर्ण दिवस हाताशी राहील.

पगाराच्या आठवड्याला मी एवढा का घाबरतो? पूर्वीच्या एका नोकरीत आम्ही महिन्याच्या ३० तारखेला हेच काम काढलं होतं. नवीन आवृत्तीवर पगाराचा हिशोब चुकायला लागला आणि मागे फिरायची वाट कोणी ठरवलीच नव्हती. मोठी आवृत्ती एकदा चढली की ती जागच्या जागी उतरवता येत नाही. आधीची प्रत परत उभी करावी लागते. आमची प्रत आदल्या संध्याकाळची होती. दिवसभराच्या नोंदी हातानं पुन्हा भरल्या आणि पगार दोन दिवस उशिरा झाले. आमच्या दृष्टीनं दोन दिवस. पण ज्याच्या घरी हप्ता त्याच तारखेला कापला जातो, त्याच्या दृष्टीनं ते फक्त दोन दिवस नसतात.

म्हणून यावेळी आधी रंगीत तालीम केली. खऱ्या डेटाची प्रत काढून ती १३ वरून १७ वर नेली. चढवणं पटकन झालं, पण नंतर हजेरीचा रिपोर्ट रांगायला लागला. कारण साधं होतं. कोणत्या तक्त्यात काय नि किती आहे, याची डेटाबेसनं ठेवलेली आकडेवारी १७ वर जाताना सोबत येत नाही. ती पुन्हा गोळा करायला लावावी लागते. शिवाय अक्षरक्रम लावणारी लायब्ररी बदलली, तर अरबी नावांचे इंडेक्स नव्यानं बांधावे लागतात. या गोष्टी तालमीत कळल्या, तर त्या कामाच्या यादीतल्या दोन ओळी असतात. खऱ्या दिवशी कळल्या तर धावपळ.

सर्वात महत्त्वाची ओळ मात्र तांत्रिक नाही: सकाळी ९ पर्यंत सगळे तपास बरोबर आले नाहीत, तर जुन्यावर परत, वाद नको. त्या वेळेपर्यंत नव्या डेटाबेसमध्ये कोणीही नोंद करायची नाही. एकदा नोंदी पडल्या की परतणं म्हणजे त्या गमावणं.

एचडीएफसीच्या त्या मेसेजमधून शिकण्यासारखं हेच होतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये, वारंवार सेवा बंद पडल्यामुळे, रिझर्व्ह बँकेनं याच बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं देण्यापासून रोखलं होतं. पुढे मोठा बदल करताना बँकेनं सुट्टीचा दिवस निवडला, तास ठरवले आणि लोकांना आधी सांगितलं. छोट्या कंपन्या, पतसंस्था, गृहसंस्था यांच्याकडे एवढी यंत्रणा नसते. पण तालीम करायला, परतीची वेळ लिहून ठेवायला आणि चार दिवस आधी नोटीस लावायला मोठ्या बँकेचं बजेट लागत नाही.

आमची नोटीस या आठवड्यात भोजनगृहात लागेल, अरबी, इंग्रजी आणि हिंदीत. आणि परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्यांना एकच सांगणं: शेवटच्या तारखेची वाट बघू नका. पडद्यामागे कोणीतरी, कुठेतरी, आवृत्ती बदलत असतोच.