कुलूप चांगले, पण किल्ली?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घातलेल्या रेड्यांची टक्कर, असे माझे बरीच वर्षे मत होते. २०२१च्या हिवाळ्यात अटलांटाला मुलीकडे मुक्काम होता. जावईबापूंनी आग्रहाने टीव्हीसमोर बसवले आणि दोन सामन्यांत मला ते मत मागे घ्यावे लागले.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी एवढेच सांगतो. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. बचावाच्या अकरा जणांनी ते होऊ द्यायचे नाही. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण. ते साधत नसेल तर लाथेने खांबांमधून मारून तीन.

जॉर्जिया विद्यापीठाच्या बचावाने त्या मोसमातल्या पहिल्या बारा सामन्यांत मिळून ८३ गुण दिले होते. तीन संघांना तर भोपळाच. मग ४ डिसेंबरला अलाबामाशी गाठ पडली आणि एका रात्रीत ४१ गुण गेले! त्यातले सात बचावाच्या नावे टाकता येत नाहीत; ते जॉर्जियाच्याच चढाईने फेकलेला चेंडू मध्येच पकडून अलाबामाने मिळवले. तरी उरलेले ३४ काही थोडे नव्हेत. जावईबापूंच्या मित्रमंडळींचा निकाल तयार होता: योजनाच चुकली.

मला ते तेव्हाही पटले नाही. योजना अशी होती की जॉर्डन डेव्हिससारख्या दीडशे किलोच्या गड्यांनी पुढची गर्दी अंगावर घ्यायची. मागच्यांनी नुसता आपला कोपरा राखायचा नाही किंवा डोळे मिटून एकाच्याच मागे धावायचे नाही. समोरचे कुठल्या वाटेने निघाले ते पाहून कोणी कोणाला घ्यायचे हे पळता पळता ठरवायचे. आपल्या कबड्डीतल्या साखळीसारखेच, एकाचा हात सुटला की सगळ्यांची फजिती. यात एक गृहीत असते. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत पुढच्यांनी वेळेत पोहोचलेच पाहिजे. त्या रात्री अलाबामाच्या ब्राइस यंगला एकदाही चेंडूसकट मागे पाडता आले नाही. त्याने फेकून ४२१ यार्ड मिळवले. जेमसन विल्यम्स एकदा ६७ आणि एकदा ५५ यार्ड पळत सुटला. शिवाय जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट हे अलाबामाच्या निक सेबन यांच्याच हाताखाली अनेक वर्षे बचाव सांभाळलेले. गुरूला शिष्याचे कुलूप ठाऊक होते.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन अधिकाऱ्यांकडे. एकाने लवकर घरी जाण्यासाठी आपली किल्ली दुसऱ्याकडे दिली तर दोष कुलपाचा नव्हे. अशा किल्ल्या इकडच्या तिकडे झालेल्या मी पाहिल्या आहेत.

१० जानेवारी २०२२ रोजी इंडियानापोलिसला राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी तेच दोन संघ उतरले. जॉर्जियाने ३३-१८ असा सामना जिंकला. यंगला या वेळी चार वेळा आडवे केले. अलाबामाला चार वेळा लाथेच्या तीन गुणांवर समाधान मानावे लागले. रेषा त्यांनी एकदाच ओलांडली, तीही जॉर्जियाच्या चढाईने आपल्याच रेषेजवळ चेंडू गमावला म्हणून. शेवटी केली रिंगोने यंगचा चेंडू मध्येच पकडून ७९ यार्ड पळत नेला. घरात असा आरडाओरडा झाला की नात दचकून उठली.

पण हिशेब पुरा लिहायचा तर नावेची बाजूही हवी. यंगने त्या रात्रीही ३६९ यार्ड मिळवलेच. विल्यम्स दुसऱ्या सत्रात गुडघा दुखावून बाहेर गेला. दुसरा भरवशाचा गडी जॉन मेची डिसेंबरच्याच सामन्यात जायबंदी झाला होता. हे दोघे धडधाकट असते तर निकाल हाच लागला असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जावईबापू म्हणतात. ते जॉर्जियाचे माजी विद्यार्थी आहेत.

एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले, तेव्हा या बचावातले पाच जण पहिल्याच फेरीत गेले. त्यांत ट्रॅव्हन वॉकर तर सर्वांत पहिला. माझ्या मते या साखळीचा मेंदू होता नकोबी डीन, चेंडू सुटण्याआधीच कुठे पळायचे ते ओळखणारा. त्याला तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावे लागले. त्याचा क्रमांक लागला ८३वा.