रंकाळ्याची अर्धी फेरी

कोल्हापुरात घरी पाहुणे आले की दिवसाचा कार्यक्रम कुणाला विचारावा लागत नाही. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, मग जरा आडवं होणं आणि ऊन उतरलं की रंकाळा. देवळापासून तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि गाडी लावायला जागा शोधत फिरण्यापेक्षा चालत गेलेलं केव्हाही बरं. पाहुण्यांतला एखादा हौशी मनगटावरच्या घड्याळाशी खेळत विचारतोच, ‘पूर्ण राउंड किती होतो हो?’ चार किलोमीटरच्या वर होतो. पण पोराबाळांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन आला असाल तर त्या आकड्याच्या नादी लागू नका, असं मी हल्ली तोंडावर सांगते.

पूर्ण फेरी पहाटे बूट घालून येणाऱ्यांची. ती मंडळी थांबत नाहीत, बोललीच तर ‘काय, आज उशीर?’ एवढंच, तेही चालता चालता. त्यांचं बरोबरच आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. घरच्यांबरोबर मात्र अर्धी फेरी. काठावरच्या टॉवरपासून निघायचं, चौपाटीच्या कडेकडेने संध्यामठापर्यंत जायचं, बाग लागली की पोरांना सोडायचं, आणि आल्या वाटेने परत. अंतर फार नाही, वेळ मात्र तास-दोन तास सहज जातो. कारण या काठावर दर पन्नास पावलांवर बसायला काहीतरी आहे. कठडा आहे, घाटाच्या पायऱ्या आहेत, झाडाखालचा पार आहे. आमच्या सासूबाईंचे, म्हणजे आक्कांचे गुडघे आता जिन्यालाही नाही म्हणतात, पण रंकाळ्याला नाही म्हणत नाहीत. चालायला लागतच नाही, बसत बसत पोचतो, असं त्यांचं म्हणणं.

हा काठ पूर्वेचा, म्हणजे सूर्य समोर पाण्यापलीकडे मावळतो. पलीकडे शालिनी पॅलेस दिसतो. 1931 ते 1934 या काळात तो बांधला आणि राजकन्या शालिनीराजे यांचं नाव त्याला दिलं. पुढे तिथे हॉटेल झालं, मग तेही बंद पडलं. फोटोसाठी सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. मला विचाराल तर त्यापेक्षा पायाखालचं बघावं. आता पाणी आहे तिथे पूर्वी दगडाची खाण होती, आणि आठव्या-नवव्या शतकात कधीतरी भूकंप होऊन खाणीत पाणी भरलं, असं कोल्हापुरात सांगतात. गावातल्या जुन्या देवळांचे दगड इथूनच गेले, असंही. संध्यामठ पाहिला की ते पटतं. काळ्या दगडाचे ते जाडजूड खांब पावसाळ्यात पाण्यात उभे असतात, उन्हाळ्यात पाणी हटलं की मठ पायापर्यंत उघडा पडतो. पाहुण्यांना एकाच भेटीत दोन्ही दाखवता येत नाही, एवढीच पंचाईत.

मुलांसाठी मात्र खरा मुक्काम नंदीचा. काठाजवळच्या या नंदीची गोष्ट गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो पाण्याशी पोचेल, त्या दिवशी प्रलय. आक्कांनी ही गोष्ट पुतणीला सांगितली तेव्हा मी ऐकतच होते. पोरगी आठ वर्षांची, आणि कोल्हापूरची असल्यामुळे ‘मी बघतो’, ‘मी करतो’ असंच बोलणारी. तिने नंदीच्या पायाशी बसून विचारलं, ‘आज्जी, तांदूळ कुठला?’

आक्का गडबडल्या. पण प्रश्न बिनतोड होता. आजरा घनसाळ धरला तर दाणा आखूड, म्हणजे मागे येणं थोडं आणि पुढे जाणं जास्त. प्रलय ठरल्याप्रमाणे येणार. बासमती धरला तर दाणा गव्हापेक्षा लांब, मग नंदी रोज मागेच चालला, आणि काही हजार वर्षांनी तो गावात शिरून थेट देवळाच्या दारात. आक्कांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला : ‘तेव्हा बासमती कुठला आलाय आपल्याकडं? घनसाळच.’ पोरीने लगेच वीत टाकत पाण्याच्या दिशेने मोजायला सुरुवात केली. प्रलय लांब आहे अशी खात्री झाल्यावरच ती भेळेला तयार झाली.

भेळेबद्दल मी भांडणार नाही. प्रत्येकाची गाडी ठरलेली असते, आणि आपली सोडून दुसऱ्या गाडीवर खाणं म्हणजे फितुरी. पावसाळ्यात निखाऱ्यावरचं कणीस घ्यावं, लिंबू-तिखट चोळून. लहानांना तिखट बेताचं सांगा. इथलं ‘मीडियम’ पुण्या-मुंबईकडच्या पोरांच्या डोळ्यांतून पाणी काढतं.

पुढे पद्माराजे उद्यान लागतं. तिथे घसरगुंडी आहे, हिरवळ आहे आणि मुख्य म्हणजे तिथून मूल धावत सुटलं तरी थेट रस्त्यावर जात नाही. चौपाटीच्या बाजूला ही धास्ती असते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला वाहनं, मध्ये घोडा, फुगेवाला, खेळण्यातल्या मोटारी. शनिवार-रविवारी संध्याकाळी सातनंतर तिथे बाबागाडी ढकलणं म्हणजे कसरत. शक्य असेल तर साध्या वारी यावं, पाचच्या सुमाराला.

आता नाक मुठीत धरायची गोष्ट. कोल्हापूरकर बाहेरच्यांसमोर ती काढत नाहीत, पण पाहुण्यांना नाक असतंच. काही दिवस रंकाळ्याला वास येतो. गावातलं सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येत राहिलं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर केंदाळ माजलं. केंदाळ पृष्ठभागावर पसरलं की खाली उजेड पोचत नाही. ते कुजू लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे पोट वर करून काठाला लागतात. कधी केंदाळाऐवजी हिरवं शेवाळ येतं आणि तलावावर रंग सांडल्यागत साय धरते. मग यंत्रं येतात, केंदाळाचे डोंगर काठावर रचले जातात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमच्या आधीच्या लोकांना हे कळत होतं. रंकाळ्यावर ‘धुण्याची चावी’ नावाची जागा आहे. तलावाचं पाणी चावीने बाहेर सोडायचं आणि धुणं तिथे, तलावाबाहेर धुवायचं. साबणाचं पाणी परत आत जायला नको, इतका साधा हिशेब. आम्ही मात्र सुशोभीकरण म्हटलं की दिव्यांचे खांब, रंगीत फरशी आणि कारंजं यांच्याच गोष्टी करतो. माझी तक्रार कारंज्याबद्दल नाही, पोरांना ते आवडतं. पण फरशी कितीही गुळगुळीत केली तरी वास आला की माणूस काठावरून उठतोच, आणि या तलावाची सगळी मजा काठावर बसण्यात आहे. नाला अडवण्याच्या कामाचं उद्घाटन करायला फीत नसते, म्हणून बहुधा ते मागे पडतं.

एक गोष्ट मात्र गावाने करून दाखवली. गणपती विसर्जनाला रंकाळ्याच्या शेजारची इराणी खण पुढे आली. पहिल्यांदा कुरकुर झाली. कोल्हापूर आहे, कुरकुर होणारच. पण आता मंडळांचे मोठाले गणपती मिरवत तिथे जातात आणि कुणाचा मान कमी झाल्याचं ऐकिवात नाही. मूर्तींपासून तलाव वाचवता आला, तर नाल्यांपासूनही वाचवता येईल, अशी आशा धरायला जागा आहे.

तलावाची मागची बाजू, हरिओमनगरकडची, मोठ्या मुलांना घेऊन जायला वेगळी ठेवावी. हिवाळ्यात, सकाळी. तिकडे वर्दळ कमी, पाणवनस्पती जास्त. जांभळी पाणकोंबडी लाल चोच घेऊन चिखलात चालताना हमखास दिसते. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. दुर्बीण नसली तरी चालतं, फक्त मुलांना गप्प बसवणं जमलं पाहिजे. आमच्याकडे ते अजून जमलेलं नाही, त्यामुळे पक्षी आम्हाला आधी बघतात.

परतीला घरी सरळ जाऊ नये. गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी तिथेच उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळ पेला हातात देतो. बाहेरगावच्या पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो, विशेषतः ज्यांनी दूध आजवर पिशवीतूनच पाहिलंय त्यांचा. कोमट, निरसं, वर बोटभर फेस. कच्चं दूध पोटाला सोसत नसेल त्यांनी, आणि अगदी लहान मुलांनी, नुसतं बघावं, त्यात कमीपणा नाही. म्हशीच्या फार जवळ जाऊ नये, आणि पांढरा शर्ट घालून तर मुळीच येऊ नये. ओठांवर पांढऱ्या मिशा आल्यावर आमच्या पुतणीने गवळ्याला विचारलं, म्हैस रोज किती पुढे सरकते. तो म्हणाला, ‘जिथं वैरण, तिथवर.’