अल्सासची वाइन: आधी ताट पाहा, मग ग्लास भरा

युरोपच्या सहलीत रेस्टॉरंटमध्ये वाइनची यादी हातात आली की अनेकांची पंचाईत होते. नावं वाचता येत नाहीत, वेटर शेजारी उभा असतो आणि मग घाईघाईत मधल्या किमतीच्या वाइनवर बोट ठेवलं जातं. तुमचंही असं झालं असेल तर फ्रेंच वाइनची ओळख अल्सासपासून करून घ्या. कारण इथे द्राक्षांची तीन-चार नावं लक्षात ठेवली तरी काम भागतं.

अल्सास हा फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचा भाग, ऱ्हाइन नदी आणि व्होज पर्वतांच्या मधला. सह्याद्री ओलांडल्यावर पाऊस कमी होतो, तसंच इथेही घडतं. व्होज पर्वत पश्चिमेचा पाऊस अडवतात आणि कोलमार शहराच्या आसपासच्या मळ्यांना भरपूर ऊन मिळतं. १८७१ ते १९१८ या काळात हा प्रदेश जर्मनीकडे होता. त्यामुळे इथल्या पदार्थांच्या आणि द्राक्षांच्या नावांत आजही जर्मन वळण दिसतं.

बाटली कशी ओळखाल?

अल्सासची बाटली उंच आणि सडपातळ असते. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत लेबलवर गावाचं किंवा मळ्याचं नाव ठळक असतं, इथे मात्र द्राक्षाचं नाव असतं. एकाच द्राक्षाचं नाव लिहिलं असेल तर ती वाइन सहसा पूर्णपणे त्याच द्राक्षाची. गोड नको असेल तर 'सेक' हा शब्द शोधा. बहुतेक वाइन पांढरी असते आणि ८ ते १० अंश सेल्सिअसला थंड करून दिली जाते.

कशासोबत काय?

रीसलिंग: आंबटसर आणि ताजी. तळलेल्या मासळीवर आपण लिंबू पिळतो, तेच काम ही वाइन करते, तेलकटपणा कापते. मासळी, तसंच मीठ लावून आंबवलेल्या कोबीचा आणि सॉसेजचा 'शुक्रूत' हा पदार्थ हिच्यासोबत खातात.

पिनो ब्लां: सौम्य. पातळ पोळीवर क्रीम, कांदा आणि बेकन घालून भाजलेल्या 'टार्ट फ्लांबे'सोबत छान लागते. तुम्ही शाकाहारी असाल तर बेकनऐवजी मशरूम घातलेला प्रकार मागा.

पिनो ग्री: जरा भारदस्त. भाजलेलं चिकन किंवा मशरूमच्या पदार्थांसोबत घ्या.

गेवुर्त्सट्रामिनर: नावातल्या 'गेवुर्त्स'चा अर्थच मसाला. गुलाब आणि लिचीचा सुगंध येतो. स्थानिक लोक ती उग्र वासाच्या मुन्स्टर चीजसोबत घेतात आणि चीजवर जिऱ्यासारखे दिसणारे कॅरवेचे दाणे भुरभुरतात. वेलची-दालचिनीच्या सौम्य भारतीय पदार्थांशीही तिचं जमतं. झणझणीत रश्श्यासोबत मात्र नको, कारण अल्कोहोलमुळे तिखट आणखी झोंबतं.

गोडासाठीही सोपा नियम आहे. वाइन पदार्थापेक्षा कमी गोड असेल तर ती आंबट लागते. म्हणून गोडासोबत उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, लेबलवर 'व्हांदांज तार्दिव्ह' लिहिलेली वाइन निवडा.

हे विसरू नका

'बेकऑफ' या पदार्थात मांस आणि बटाटे पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून शिजवतात. घरात कोणी वाइन किंवा मांस खात-पीत नसेल तर मागवण्याआधीच विचारून घ्या. पिणाऱ्यांनी सोबत पाणी ठेवा, रिकाम्या पोटी घेऊ नका आणि त्यानंतर गाडी चालवू नका. गरोदरपणात तर वाइन पूर्णपणे टाळा. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या वेळी वेटर शेजारी येऊन उभा राहिला तर गोंधळू नका. आधी जेवण ठरवा, मग त्याला सांगा, "याच्यासोबत एक ग्लास रीसलिंग, सेक." अख्खी बाटली मागवायची गरज नाही. जेवणाची चव खुलवायला तेवढी पुरते.