जखमेचे कारण कागदावर हवे

रोह्याच्या परिसरात भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभे राहणारे पाय आणि धाटावच्या कारखान्यांत पाळीभर उभे राहणारे पाय आपल्याच घरातले आहेत. अशा पायाला जखम होते, महिना-दोन महिने भरत नाही, आणि "जुनं दुखणं आहे" म्हणून घरात सोडून दिली जाते. दवाखान्यात गेले तरी पुष्कळदा केसपेपरवर दोनच शब्द पडतात : "पायाला जखम". या दोन शब्दांवर समाधान मानू नका, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

न भरणाऱ्या जखमेला डॉक्टर अल्सर म्हणतात. आपल्याला अल्सर म्हटले की पोट आठवते, पण कातडीलाही अल्सर होतो आणि त्याची कारणे वेगवेगळी असतात. साखरेच्या आजारात पाय बधिर होतो. खडा रुतला तरी कळत नाही. कुष्ठरोगातही तसेच. शिरा फुगल्या की जखम बहुधा घोट्याच्या वर, आतल्या बाजूला होते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर दाबाने जखम पडते. रक्तवाहिनी अरुंद झाली तर पायाला रक्तच पोचत नाही.

कारणाप्रमाणे उपचार बदलतो. शिरांच्या जखमेला दाबपट्टी गुणकारी आहे. तीच पट्टी रक्त न पोचणाऱ्या पायाला आवळली तर पाय गमावण्याची वेळ येते.

मोठ्या रुग्णालयात कागदावरून आजाराला कोड लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली मंजूर केलेल्या दहाव्या वर्गीकरणात दाबाच्या जखमेचा कोड एल ८९, शिरांच्या जखमेचा आय ८३.०, आणि कारणच लिहिलेले नसेल तर पायाची जखम एल ९७ मध्ये जाऊन पडते. कोड लावणारा माणूस रोग्याचा पाय पाहत नाही, कागद पाहतो. विम्याचा किंवा सरकारी योजनेचा अर्ज तपासणाराही कागदच पाहतो. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. तिथेही उपचाराची मंजुरी कागदावरच मिळते.

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारा : जखम कशामुळे झाली? उजवा पाय की डावा, नेमकी जागा कोणती? लांबी, रुंदी, खोली किती सेंटिमीटर? तळाशी मांस दिसते की हाड? पायाची नाडी लागते का? हे सगळे तारखेसह लिहून घ्या. दर खेपेला माप घेतले तरच जखम भरते आहे की वाढते आहे ते कळते. रोगी दाखल होताना अंगावर आधीच जखम असेल तर तीही त्याच दिवशी नोंदवून घ्या.

घरी एक पिशवी करा. केसपेपर, साखरेचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड सगळे तिच्यात ठेवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रोग्याने नोंदी मागितल्यास डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. तो आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आणि भगिनींनो, घरात साखरेचा रोगी असेल तर रोज रात्री त्याचे तळपाय उजेडात पाहा. त्याला दुखत नाही म्हणून जखम नाही, असे समजू नका.