ब्रीफिंग म्हणजे जाब नव्हे

परवा आमच्या अभ्यासवर्गात एक तरुण वकील मित्र ठासून म्हणाला, "सर, अमेरिकेत निदान सीआयए खासदारांना सांगते तरी. आपल्याकडे आयबी कोणाला काय सांगते?" टाळ्या पडल्या. मीही मान डोलावली. घरी येताना मात्र ते वाक्य टोचत राहिलं. त्याचा दुसरा अर्धा भाग सोळा आणे खरा आहे. माझं भांडण पहिल्या भागाशी आहे. आणि ते मिटवल्याशिवाय आपण सरकारकडे नेमकं काय मागायचं, हे ठरणार नाही.

सीआयएमध्ये काँग्रेसशी, म्हणजे तिथल्या संसदेशी, संपर्क ठेवणारी एक स्वतंत्र कचेरी आहे. सुरुवातीच्या वर्षांत हे काम जवळपास एकट्या वॉल्टर फोर्झहायमर नावाच्या वकिलावर होतं. दोन्ही सभागृहांतल्या मोजक्या वजनदार सभासदांच्या कानावर काही गोष्टी घालायच्या, पैसे मंजूर करून घ्यायचे, की झालं. १९५६ मध्ये सिनेटर मॅन्सफिल्ड यांनी कायमस्वरूपी देखरेख समितीचा ठराव आणला, तो २७ विरुद्ध ५९ मतांनी पडला. तो पाडण्यासाठी सीआयएला फार घाम गाळावा लागला नाही. आपल्याला हे ठाऊक नसलेलंच बरं, असं बऱ्याच सिनेटरांनाच वाटत होतं. डिसेंबर १९७४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये सेमूर हर्श यांनी सीआयएची देशांतर्गत पाळत उघड केली, १९७५ मध्ये चर्च समितीने परदेशी नेत्यांच्या हत्येचे कट बाहेर काढले, तेव्हा कुठे १९७६ मध्ये सिनेटची आणि १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहाची गुप्तवार्ता समिती उभी राहिली. त्यानंतर या कचेरीचं काम वाढलं. बंद खोलीतल्या सुनावण्या ठरवणं, गुप्त कारवायांच्या सूचना पाठवणं, लेखी प्रश्नांची उत्तरं तयार करणं, समितीच्या कर्मचाऱ्यांचे फोन घेणं. रोजचं, नेमस्त, कारकुनी काम.

यात वाईट काय? वाईट एवढंच की ही कचेरी सीआयएची आहे. तिथल्या माणसाची बढती सीआयएच्या हातात. कोणाला सांगायचं, किती सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, याची पहिली निवड तिथेच होते. अतिनाजूक गुप्त कारवाई असेल तर कायद्यानेच आठ जणांपुरतं सांगण्याची मुभा आहे, आणि त्या आठांसोबत त्यांचे कर्मचारीही बहुधा नसतात. ज्याची तपासणी करायची, त्यानेच तपासनिसाला हात धरून गोदाम दाखवायचं, अशी ही रीत.

बॉब ग्रॅहम यांची गोष्ट मला या बाबतीत फार बोलकी वाटते. फ्लोरिडाचे हे सिनेटर २००१ आणि २००२ मध्ये गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते. त्यांना खिशात छोटी वही ठेवायची सवय. कोणाला भेटलो, काय खाल्लं, केस कधी कापले, सगळं तीत. लोक त्यांची थट्टा करत. २००९ मध्ये कैद्यांच्या छळावरून गदारोळ उठला, तेव्हा सीआयएने एक यादी काढली: चौकशीच्या पद्धतींबद्दल कोणत्या लोकप्रतिनिधीला कोणत्या तारखेला माहिती दिली. मथितार्थ असा की, आता कशाला ओरडता, तुम्हाला सगळं ठाऊक होतं! ग्रॅहम यांनी विचारल्यावर सीआयएने त्यांना चार तारखा सांगितल्या. त्यांनी वह्या काढल्या. चारपैकी तीन तारखांना बैठक झालीच नव्हती. सीआयएला ते मान्य करावं लागलं. उरलेली तारीख २७ सप्टेंबर २००२. त्याही बैठकीत वॉटरबोर्डिंगचा उल्लेख झाला नाही, असं ग्रॅहम यांचं म्हणणं. त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, अबू झुबैदावर तो प्रकार ८३ वेळा झाला होता.

ज्याच्याकडे वही नव्हती, त्याच्या नावावर सीआयएच्या यादीत काय लागलं असेल? संपर्काचा खरा उपयोग मला इथे दिसतो. लोकप्रतिनिधीला माहिती मिळो न मिळो, त्याच्या नावावर माहितीची नोंद होते, आणि पुढे ती नोंद त्याच्याच तोंडावर फेकता येते.

दुसरा प्रसंग जुलै २००३ चा. वॉरंटविना पाळत ठेवण्याच्या कार्यक्रमाबद्दल सिनेटर रॉकफेलर यांना सांगण्यात आलं. यंत्रणा वेगळी होती, एनएसए, पण रीत तीच. त्यांना कर्मचाऱ्यांशी बोलता येत नव्हतं, वकिलाला विचारता येत नव्हतं. शेवटी त्यांनी उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं की मी तंत्रज्ञ नाही, वकील नाही, मला हा कार्यक्रम तोलता येत नाही. आणि प्रत सीलबंद करून समितीच्या कपाटात ठेवली. महासत्तेचा सिनेटर, आणि त्याच्या हाती उरलं काय, तर एक लिफाफा!

दरम्यान बंद खोल्यांबाहेर माणसं होती. सिनेटच्या अहवालाप्रमाणे सीआयएने किमान ११९ जणांना डांबलं, त्यातले किमान २६ जण सीआयएच्या स्वतःच्या निकषांवरही चुकीने धरलेले. खालेद अल-मसरी हा जर्मन नागरिक मॅसेडोनियात उचलला गेला, अफगाणिस्तानात महिनोन्महिने कोंडला गेला. चूक लक्षात आल्यावर त्याला अल्बेनियातल्या एका रस्त्यावर सोडून दिलं. गुल रहमान काबूलजवळच्या कोठडीत थंडीने गोठून मेला. ही आपल्या नावांची माणसं आहेत म्हणून मी लिहितोय का? थोडं तेही आहे, नाकारत नाही. पण ती कोणाचीही असती तरी प्रश्न हाच होता: त्या काळात ब्रीफिंगं तर चालूच होती.

मग हे बाहेर आलं कसं? कागदांमुळे. समितीच्या कर्मचाऱ्यांनी २००९ पासून साठ लाखांहून अधिक पानं चाळली आणि ६,७०० पानांचा अहवाल लिहिला. सीआयए संसदेला चुकीची माहिती देत आली, हे त्या कागदांतून सिद्ध झालं. हे काम सुरू असताना सीआयएच्या लोकांनी समितीच्याच संगणकांत डोकावून पाहिलं. अध्यक्षा डायन फाइनस्टाइन यांनी ११ मार्च २०१४ ला भर सिनेटमध्ये ते मांडलं, संचालक ब्रेनन यांनी साफ नाकारलं, आणि जुलैमध्ये सीआयएच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीनंतर माफी मागितली. डिसेंबरमध्ये अहवालाचा सारांश प्रसिद्ध झाला. पूर्ण अहवाल अजून कुलपात आहे.

म्हणजे अमेरिकेची पद्धत फुकट? नाही. कायदा होता, समिती होती, तिचे स्वतःचे कर्मचारी होते, म्हणून उशिरा का होईना, कागदापर्यंत हात पोचला. आपल्याकडे यातलं काहीच नाही. आयबी १८८७ ची, इंग्रजांनी काढलेली. रॉ १९६८ ची. दोघींना संसदेच्या कायद्याचा पाया नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता दोघींना सूट दिली आहे. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी २०१० मध्ये रामनाथ काव स्मृतिव्याख्यानात संसदीय उत्तरदायित्वाची गरज सांगितली. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये खासगी विधेयक आणलं, ते तसंच विरून गेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मागणीची याचिका फेटाळली. आणि २८ जुलै २०२१ ला, पेगासस प्रकरण पेटलं असताना, माहिती-तंत्रज्ञानविषयक संसदीय समितीची बैठक लागली, तर बोलावलेले अधिकारी आलेच नाहीत. सत्ताधारी सदस्य खोलीत असून त्यांनी हजेरीपटावर सह्या केल्या नाहीत. गणसंख्येअभावी बैठक संपली.

मी मुंबईचा माणूस. १९९३, २००६, २००८ ही वर्षं आम्हाला तारखांसकट पाठ आहेत. गुप्तहेर नकोत, असं म्हणणारा मी नाही. आणि अमेरिकेला शिव्या घालून इथे गप्प बसणाऱ्या आपल्यातल्या मंडळींचाही मला कंटाळा आला आहे. त्यांना ग्वांटानामो तोंडपाठ. आपल्या खासदाराला या विषयावर एक पत्र लिहा म्हटलं की घड्याळ बघतात.

आमच्या सभांना गेली कित्येक वर्षं साध्या वेशातला एक माणूस येतो. मागच्या रांगेत बसतो, वही काढतो, वक्त्यांची नावं लिहितो. चहाही घेतो. तो कोणत्या खात्याचा, हे आम्ही विचारत नाही, तो सांगत नाही. त्या वहीत माझ्याबद्दल काय आहे, हे मला कधी कळणार नाही. ते एक वेळ सोडा. पण मी ज्याला मत दिलं त्यालाही कळणार नाही, हे मला सोडवत नाही. एकदा एका लोकप्रतिनिधींना विचारलं, साहेब, हे कोणाला विचारता येईल? ते हसून म्हणाले, "अहो, माझ्या सभेलाही येतो की तो."

तेव्हा मागायचं ते असं. या यंत्रणांना संसदेचा कायदा हवा. विरोधी पक्षाच्या अध्यक्षतेखाली संसदीय समिती हवी, तिला स्वतःचे, सुरक्षा-तपासणी झालेले कर्मचारी हवेत आणि मूळ कागद मागवण्याचा अधिकार हवा. यंत्रणेने काय सांगितलं याचं टिपण समितीने स्वतः ठेवावं, यंत्रणेच्या यादीवर विसंबू नये. निवेदनाचा मसुदा करायला मी त्या वकील मित्रालाच बसवलं आहे. त्याला एकच अट घातली: 'ब्रीफिंग' हा शब्द त्यात नको.