काट्यावर न चढलेला कापूस

राळेगावात कापूस वेचायची मजुरी किलोवर मिळते. गाठोडं काट्यावर जेवढं भरेल तेवढेच पैसे. बाईची दहा बोटं हेच तिचं भांडवल. रात्री नवऱ्यानं मनगट पिरगाळलं, की सकाळी पऱ्हाटीत तिचा अर्धाच कापूस निघतो. डोळा सुजला तर ती लाजेनं वावरात जातच नाही. चार खाडे पडले, की बाकीच्या बाया म्हणतात, हिचा भरवसा नाही. टोळी दुसरीला घेते. मार एका रात्रीचा नसतो, लेकहो. तो अख्खा हंगाम गिळतो.

माझी माय याच वावरांतून वेचायची. ऐन वेचणीत बापानं तिचा हात मोडला. प्लास्टर निघेतोवर कापूस संपला. किराणा उधारीवर आला. ती उधारी फेडता फेडता मी मॅट्रिकवर थांबलो आणि मुंबईच्या गोदीत ओझ्याखाली गेलो. गोदीत माझा हात चेचला तर भरपाईसाठी युनियन उभी राहते. मायच्या हाताची युनियन कुठंय?

कायदा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक कोंडी हाही छळच मानलाय. कलम २० खाली बुडालेली कमाई न् औषधपाण्याचा खर्च मागता येतो. पण किलोवरच्या मजुरीची पावती कोण देतो? पुरावा आणायचा कुठून? आणि कोर्टाची तारीख म्हणजे आणखी एक खाडा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दर टोळीची एक वही पाहिजे: नाव, तारीख, किलो, पैसे. ती वही बाईच्या हातात पाहिजे. तीच उद्या कोर्टात बोलेल.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतील, घरातली भानगड चव्हाट्यावर कशाला? सवर्णांच्या हातात आयतं कोलीत जाईल. असं? बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं होतं, की बायको ही नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण आहे, गुलाम नाही. ते काय चोरून सांगितलं होतं? भरल्या सभेत सांगितलं होतं!

मालकानं काट्यात मारलं तर आपण मोर्चा काढतो. घरात मारलेला कापूसही मजुरीचीच चोरी आहे. चोर आपल्या वस्तीतला असला, जयभीमवाला असला, तरी चोरच. आधी स्वतःच्या घरातला काटा तपासा. मग घोषणा द्या.